आक्कांचा खडू

आक्कांच्या गॅरेजात आधी गाडी खोकते आणि मग आक्का बोलतात. हा क्रम कधी चुकला नव्हता. पांढरा धूर म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोलची उधळमाधळ आणि निळा म्हणजे तेल जळतंय, एवढं तर रस्त्यावरचा कुणीही सांगेल. पण निळ्यातला कुठला निळा, हे सांगायला आक्काच लागायच्या. सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा, नाक एकदा जोरात ओढायचं, गुडघ्यांवर हात टेकून उठायचं आणि खिशातल्या खडूने गाडीच्या पुढच्या काचेवर निदान लिहून मोकळं व्हायचं. ही त्यांच्या वडिलांची रीत. लिहिलेलं पुसायचं नाही; गाडी बरी होऊन दारातून बाहेर पडताना ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. "तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, काचेवरचा डोळ्यांत बघत राहतो," असं वडील म्हणायचे.

वडिलांचं आणखी एक वाक्य आक्कांनी पदराला गाठ मारून ठेवावं तसं जपलं होतं. "तेल बाहेर दिसलं की मिस्त्रीची अब्रू गेली." म्हणून आक्कांच्या हातून गेलेल्या गाडीखाली तेलाचा ठिपका दिसायचा नाही. दोन लोखंडांच्या मध्ये पॅकिंग बसवताना त्या लाल पेस्ट अशी लावायच्या की बघणाऱ्याला वाटावं, मुलीच्या लग्नाचं काम चाललंय. कडेने बाहेर आलेली पेस्ट बोटाने निपटून, फडक्याने पुसून कडा चकचकीत करायच्या. देवाने आपल्याला हात दिलाय तर तो सैल असावा, ही त्यांची श्रद्धा.

त्यांच्या हाताखाली त्यांचे यजमान काम करायचे. आक्का त्यांना दिवसभर "अहो, तो पाना द्या", "अहो, दिवा इकडे धरा" म्हणायच्या, त्यामुळे गिऱ्हाइकांनाही त्यांचं नाव अहो असंच वाटायचं. "अहो आहेत का?" असं विचारत लोक यायचे. तेही ओ द्यायचे. माणूस मितभाषी. भांडण नको म्हणून नव्हे, दिवसाचे शब्द आक्का संपवायच्या म्हणून.

तर त्या सकाळी दाताच्या डॉक्टरांची लाल गाडी आली. जुन्या काळातली, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि इंजिनाला टर्बो. म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर भिंगरीसारखा फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. डॉक्टरांचा या गाडीवर जीव, आणि डॉक्टरीणबाईंचा तिच्यावर राग. त्या तिला सरळ सवत म्हणायच्या. मागे एकदा डॉक्टरांनी हौसेने घरीच इंजिन उघडलं, तेव्हा सवत कितीतरी महिने पोर्चमध्ये सुटी पडली होती. स्क्रू बरणीत, पिस्टन कपाटात, आणि बाई बॉनेटवर टॉवेल वाळत घालायच्या. त्या वेळी डॉक्टरांनी शब्द दिला होता, पुन्हा इंजिन उघडायची पाळी आली तर गाडी घराबाहेर.

गाडी सिग्नलला उभी राहून निघाली की मागे निळा ढग सोडत होती. आक्का बसल्या. डोळा मिटला, नाक ओढलं. खडूने काचेवर ठसठशीत लिहिलं, 'रिंगा गेल्या.'

"म्हणजे?" शेजारच्या सीटवरून डॉक्टरीणबाईंनी काच खाली केली.

"म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेल वर चढतंय आणि जळतंय."

"त्यासाठी इंजिन उघडावं लागतं का?"

आक्कांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर डोळ्यांनी विनवत होते. पण काचेवर खडू उमटला होता.

"उघडावंच लागतं, वहिनी."

"झालं तर!" बाईंनी तिथेच मामेभावाला फोन लावला. मामेभावाचं हॉटेल होतं आणि त्याला ही गाडी दर्शनी भागात मांडायची होती. इंजिन काढून टाकायचं आणि तिथे झाडं लावायची, असा त्याचा बेत. "उद्या सकाळी ये रे, ओढून न्यायची सोय घेऊन ये," असं सांगून बाई रिक्षाने घरी गेल्या.

डॉक्टर तिथेच टायरवर बसले. "आक्का, झाडं हो! तिच्या पोटात फर्न लावणार तो!"

"मी काय करू? धूर बोलला ते मी लिहिलं."

"मी कुणाचा दात न तपासता उपटत नाही. तुम्ही निदान एकदा आत बघा की."

टोमणा लागला. आक्कांनी तोंडाने "खडू कधी चुकलाय का?" म्हटलं, पण हात प्लगकडे गेले. चारही प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. सगळे कोरडे, फिकट तपकिरी, जणू नुकतेच पावडर लावून आलेले. तेल जळत असतं तर ते काजळून ओले व्हायला हवे होते. आक्का गप्प झाल्या. अहोंनी मान वर केली, कारण दिवसाढवळ्या हे अघटित होतं.

मग दाब मोजायचा काटा लावला. सिलिंडरच्या चारही घरांत तो सारखाच वर गेला. आक्कांनी प्रत्येक घरात थोडं तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाच्या आधाराने काट्याने टुणकन उडी मारली असती. काटा जागचा हलला नाही. रिंगा धडधाकट.

डॉक्टर दवाखान्यात गेले होते. गॅरेजात दोघंच, आणि काचेवर 'रिंगा गेल्या'.

"आता गं?" अहो म्हणाले.

"आता काय, शोधायचं." आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

इंजिनात तेल जळत नाही, तरी मागून निळा धूर येतो. म्हणजे तेल इंजिनाच्या पुढे कुठेतरी धुरात मिसळतंय. आक्कांनी टर्बोच्या मागचा पाईप सोडवला. आतून ओलाकिच्च. चोर सापडला, पण त्याने चोरी का केली हे कळेना. टर्बोच्या दांडीला बोटाने हलवून पाहिलं. ती जराही डुगडुगत नव्हती. पंखा गुळगुळीत फिरत होता. दांडी चांगली असताना तेल बाहेर का सांडावं?

त्या दांडीला तेल लागतं. ते वरून बारीक नळीने जोरात येतं आणि खालच्या जाड नळीने आपल्या वजनाने निवांत खाली उतरतं. उतरण्याची वाट मोकळी हवी. मोरी तुंबली की पाणी घरात शिरतं, तसंच हे. गाडी उभी राहिली की तेल साचणार, निघाली की साचलेलं धुरात जाणार.

आक्कांच्या डोक्यात हे सगळं आलं, पण त्या खालच्या नळीकडे हात जाईना. गेल्याच महिन्यात तिथून तेलाचा थेंब टपकायचा, म्हणून तिथलं पॅकिंग त्यांनी स्वतः नवीन बसवलं होतं.

अहो दिवा घेऊन खाली वाकले. कौतुकाने म्हणाले, "काय सुरेख बसलंय बघ. बाहेर एक थेंब नाही. तुझाच हात."

पॅकिंग बसवताना बाहेर एवढी पेस्ट आली होती की फडकं लाल झालं होतं, हे आक्कांना लख्ख आठवलं. मग आत किती गेली असेल? आत पुसायला कुणाचं फडकं पोचतं?

"अहो, बाराचा पाना द्या," त्या हळूच म्हणाल्या.

नळी सुटली. तोंडाशी लाल पेस्टची एक गुंडाळी लोंबत होती, जिभेसारखी. वाट जवळजवळ बंद. आक्कांनी ती ओढून तळहातावर घेतली.

"टाकून दे," अहो म्हणाले. "नवीन बसव. धूर गेला की कोण विचारतंय? सांग, टर्बोत कचरा होता. खोटं थोडंच आहे."

आक्का हसल्या. "कचरा कुणी टाकला, ते वर बसलेल्याला माहीत आहे. आणि अहो, तुम्ही आज जरा जास्तच बोललात."

नळी रॉकेलने धुतली, वरच्या नळीतून तेल नीट येतंय ना तेही बघितलं, आणि पॅकिंग बसवलं. या वेळी पेस्ट नखाएवढी. ती लावताना हात आखडला, जीवही आखडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर. मामेभाऊ ओढायची गाडी घेऊन, बाई गाडीच्या दुसऱ्या चाव्या घेऊन आणि डॉक्टर पडलेला चेहरा घेऊन.

"कुणी हात लावू नका," आक्का म्हणाल्या. "रिंगा गेल्या नाहीत. माझं चुकलं. दुखणं वेगळंच होतं आणि तेही मीच दिलेलं." त्यांनी लाल गुंडाळी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं, पेस्ट, फडकं, अब्रू, सगळं.

मामेभाऊ म्हणाला, "आता धूर गेला म्हणून सांगाल, पण खरं कशावरून?"

"चालू करते." आक्कांनी किल्ली फिरवली.

आणि मागून असा निळा लोट उठला की मामेभाऊ त्यात दिसेनासा झाला. बाईंनी नाकाला रुमाल लावला. "हे बरं झालं म्हणायचं का, आक्का?"

"सायलेन्सरमध्ये जुनं तेल साचलंय, वहिनी. ते जळून जाऊ दे. पाप धुपायला वेळ लागतो." असं म्हणून आक्कांनी गाडी जागेवर चालूच ठेवली. तोंडाने देवाचं नाव, डोळे सायलेन्सरवर. लोटाचा ढग झाला, ढगाचा धागा झाला. मग गाडी मुद्दाम सिग्नलला थांबते तेवढा वेळ उभी ठेवली आणि एकदम रेस दिली. मागे नुसती हवा थरथरली.

डॉक्टरांनी गुंडाळी उचलून उजेडात धरली. "आक्का, ही तर माझ्या धंद्यातली चूक. दातावर टोपी बसवताना सिमेंट जास्त झालं की हिरडीत शिरतं. वरून कसं चकचकीत! आणि पेशंट महिनाभर सुजलेला."

"आणि हे मला आज सांगताय?" बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात माझीच हिरडी सुजली होती!"

डॉक्टरांनी गुंडाळी पटकन खिशात घातली.

बाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. "मला एकच सांगा. इंजिन उघडलं का?"

"नाही," आक्का म्हणाल्या. "प्लग काढले आणि एक नळी सोडली."

"नळी म्हणजे इंजिन?"

"मोरी म्हणजे घर का, वहिनी?"

बाईंनी ओठ दाबले, पण हसू निसटलंच. "मग शब्द मोडला नाही. जा रे तू," त्या भावाला म्हणाल्या. "फर्न कुंडीत लाव."

मामेभाऊ काजळलेल्या शर्टाकडे बघत निघाला. आक्कांनी फडकं न घेता उघड्या तळहाताने काच पुसली. 'रिंगा गेल्या'चा पांढरा भुगा त्यांच्या हाताच्या रेषांत भरला. डॉक्टर चालकाच्या दाराकडे वळले तर बाई आधीच आत बसलेल्या.

"अगं, तुला हिचा क्लच..."

"सरका तिकडे. सवतीची ओळख मीच करून घेते."

गाडी दारात एकदा आचके देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि भुर्रकन वळणाआड गेली. अहो मागे उकिडवे बसले होते. त्यांनी एक डोळा मिटला आणि नाक जोरात ओढलं.

"काय म्हणतोय धूर?" आक्कांनी विचारलं.

"काहीच नाही," अहो म्हणाले. "आधी प्लग काढू, मग सांगतो."

आक्कांनी पांढरा हात त्यांच्या पाठीवर थापटला, आणि दिवसभर अहो पाठीवर तो पंजा घेऊन फिरले.