मी काढलेला काटा

हसणारच आहात तर आधी तो चहा संपवा. मागाहून ठसका लागला तर मला बोल लावू नका.

माझं लग्न एका गाडीच्या मीटरमुळे जमलं. म्हणजे कितीतरी दिवस मला तसंच वाटत होतं.

तेव्हा मी पनवेलला एका गॅरेजात कामाला होतो. शाळा नववीतच सुटलेली. हात चांगला चालायचा, तोंड मात्र अजिबात चालायचं नाही. मुलगी बघायला जायचं म्हटलं की मला ताप भरायचा. अगदी थर्मामीटर लावून बघावा असा. शेवटी मामाने डोकं लढवलं. म्हणाला, "करंजाड्याच्या धर्माशेठच्या गाडीचा काटा हालत नाय. तू गाडी बघायला चल. गाडी बघता बघता पोरगी पन बघून घे."

गाडी म्हटल्यावर माझा ताप उतरला.

धर्माशेठ म्हणजे मिठागरावर उन्हं खाल्लेला तगडा माणूस. जमिनीचे पैसे आले तशी त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या वेगाच्या गोष्टी गावभर सांगत सुटले. "उरन रोडला ऐंशीच्या खाली हाकतच नाय मी." काटा तर बंद. खोटं कोण पाडणार?

"या मिस्त्री," ते मला म्हणाले.

मामा कानात कुजबुजला, "ध्यान ठेव. मिस्त्री सोडून जावय म्हनाले की समज जमलं."

मी तडक गाडीखाली शिरलो. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक बारीक केबल जाते. चाकं फिरली की ती फिरते, ती फिरली की काटा हलतो. मी गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून बोटांनी फिरवलं. मामा वरून ओरडला, काटा ढिम्म. केबल ओढली तर निम्मीच हातात आली. मधेच तुटलेली. नवी मी पनवेलहून आणलीच होती. ग्रीस लावून बसवली.

निर्मला, म्हणजे मुलगी, पाणी घेऊन आली तेव्हा मी गाडीखालीच होतो. त्यामुळे पहिल्यांदा मी तिच्या फक्त चपला पाहिल्या. पसंत पडल्या.

मग सगळे चक्कर मारायला निघालो. शेठ चालवायला, मी शेजारी, मागे मामा, निर्मला आणि तिची आई. त्यांना मी मावशी म्हणायचं ठरवलं होतं, पण अजून काहीच म्हटलं नव्हतं. उरण रोडला शेठनी ॲक्सिलरेटर पार खाली दाबला. काटा उठला, थरथरला आणि पस्तिशीवर जाऊन बसला.

"ऐंशी ना वो?" मागून मावशी.

"नवीन केबल हाय," शेठ म्हणाले. "शिकंल हलूहलू."

"नाही, पस्तीस बरोबर आहेत," मी म्हणालो.

सकाळपासून मी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मामाने माझ्या सीटला मागून गुडघा मारला. मला वाटलं, शाबासकी देतोय. म्हणून मी पुढे समजावलं, की केबल एकदम ठीक बसली आहे, खात्री करायची तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत घड्याळ लावून बघू.

"तरीच," मावशी म्हणाल्या, "माहेरी पोचायला मला दुपार होते."

घर येईपर्यंत शेठनी पुन्हा मीटरकडे बघितलं नाही. उतरताना म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काय जमलं नाय बघा."

गाडीचं की लग्नाचं, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

जेवायला बसलो. करंज्याच्या बंदरावरून आणलेला पाला मासा होता. चवीला राजा, पण आत काट्यांचं रान. माझं लक्ष कुठे होतं ताटात? शेजारी मामा मला डोळ्यांनीच कच्चा खात होता. तेवढ्यात निर्मला भात वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "आधी काटा काढून टाका. मंग काय तरास नाय."

मी बघतच राहिलो. काय डोकं आहे मुलीचं. काटाच नसेल तर पस्तीस दिसणार कुठून?

हात धुतले आणि "जरा वायर बघतो" म्हणून सटकलो. मीटरची काच काढली, काटा उपटून खिशात टाकला, काच परत बसवली.

उन्हं उतरल्यावर शेठ आम्हाला पनवेलच्या स्टँडवर सोडायला निघाले. पुन्हा सगळी वरात गाडीत. शेठनी चावी लावली आणि मीटरकडे बघत राहिले. आकडे सगळे जागेवर, काटा गायब. मामाने डोळे मिटून घेतले. निर्मला तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायांकडे.

गाडी निघाली. रस्त्याला लागल्यावर मावशींनी विचारलंच, "आता किती हाय?"

शेठनी रिकाम्या मीटरकडे वाकून नीट बघितलं. "ऐंशी."

तेवढ्यात एक पाववाला सायकलवरून आमच्या पुढे निघून गेला.

"काय जावय," शेठ म्हणाले, "बरोबर ना?"

"थोडे वरच असतील," मी म्हणालो.

लग्न झालं. पुढे एकदा घरी पाला शिजला होता, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने हिला म्हटलं, "त्या दिवशी तू युक्ती सांगितलीस म्हणून निभावलं."

"कसली युक्ती?"

"काटा काढून टाका म्हणालीस ती."

ही माझ्याकडे बघतच राहिली. "अवो, माशाचा. तुमी तुकडाच्या तुकडा तोंडात घालत होतात."

"मग गाडीत हसत का होतीस?"

"मला वाटलं, दुरुस्त करता करता काटा हरवून बसलात. म्हटलं, एवढा भोळा मानूस दुसऱ्या कुनाच्या हाती लागला तर त्याचं कसं व्हायचं? म्हनून घरी जाऊन हो सांगितलं."