कापसाचे दोन बोळे

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर नीरजा दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवी होते. कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसता कोरडा घरघरतोय. खिडकीपाशी एक कुंभारीण माशी येरझारा घालते आहे. डोळे मिटले तरी नीरजाच्या डोक्यात आकडे चालूच आहेत. बंदुकीची नळी सव्वीस इंच लांब. आतले पीळदार चर, दर दहा इंचांत एक वेढा. पाचशे यार्डांवर गोळी किती खाली येईल?

अकोल्यातलं हे बंदूकदुरुस्तीचं दुकान विश्रामकाकांचं. काका हिवाळ्यात गेले. आता दुकान त्यांचा मुलगा दिगूदादा चालवतो, आणि भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली नीरजा त्याला मोजमापांत मदत करते. वनखात्याच्या परवान्यावर पिकांतले रोही, म्हणजे नीलगायी, मारणाऱ्या एका शिकाऱ्याला लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी नळी हवी होती. फळीवर काकांनी ठेवलेल्या दोन नळ्या होत्या. सोमवारी नीरजाने दोन्ही मोजल्या आणि लांब नळी निवडली. आज सकाळी ती रायफलीवर चढवून जेवणानंतर दादा चाचणीला माळावर गेलाय.

"आतून साफ आहे ना गं?" त्याने निघताना विचारलं होतं.

"आरशासारखी. मी स्वतः पाहिलंय."

पंख्याची घरघर लांब जाते. कामाच्या टेबलाशी विश्रामकाका बसलेत, चष्मा कपाळावर. ते इथे कसे, हा प्रश्न तिला पडत नाही.

"निवडली का वं नळी?"

"लांब निवडली, काका. आखूड नळीत वेग कमी मिळतो. पाचशे यार्डांवर तेवढा फरक जाणवतो."

"मोठी एमएस्सीवाली! मले लांबी सांगून ऱ्हायली. आत पाह्यलं का?"

"पाहिलं."

"कवा?"

"सोमवारी."

"अन् आज कोनता वार हाये?"

'शुक्रवार' म्हणायला ती तोंड उघडते. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात उभी आहे. भिंती पोलादी आणि गार. त्यांत चर कोरलेत, ते वळत वळत पुढे जातात, आणि चालता चालता तीही थोडी थोडी वळते. तेलाचा वास येतो. दूर टोकाला उजेडाचा एक गोल आहे. मधोमध, त्याच स्टुलावर, काका बसलेत. त्यांच्यामागे कुणीतरी ओल्या मातीची भिंत लिंपत आणलीय. गोल अर्धा उरतो. मग चतकोर.

"काका, उठा ना. इथे नका बसू."

"उठता येत नाई पोरी." त्यांचे फक्त ओठ हलतात. "मेल्यावानी वाटते, पन समजते सारं."

हे तिला माहीत आहे. कुंभारीण माशी कोळ्याला मारत नाही. नांगी मारून बधिर करते, पोकळीत नेऊन ठेवते, त्याच्यापाशी अंडं घालते आणि तोंड मातीने बंद करते. अळीला ताजं खायला मिळावं म्हणून कोळी जिवंत लागतो.

"माहे बोळे कुठी हायेत?" काका विचारतात.

नळी फळीवर ठेवताना काका दोन्ही टोकांना तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घट्ट बसवायचे. त्याशिवाय दुकान बंद करायचे नाहीत. सोमवारी मोजायला म्हणून तिनेच ते काढले होते.

"खिडकीत," ती म्हणते. "लावायचे राहिले."

काका तिच्या तळहातावर काहीतरी ठेवतात आणि तिची मूठ मिटतात. त्यांची बोटं मातीसारखी थंड आहेत.

"दिगू तुह्या भरोशावर गेला वं."

तिच्या पाठीमागे काहीतरी जड सरकतं आणि खटकन जागेवर बसतं. मागचा उजेड विझतो.

नीरजा उठून बसते. खिडकीच्या कट्ट्यावर दोन बोळे पडलेत, वाळून कडक झालेले. ती डाव्या हाताने फोन लावते. पाच वेळा रिंग जाते.

"बोल गं. नेम धरूनच बसलोय."

"गोळी भरलीस?"

"भरली."

"बोट काढ. आधी बोट काढ, दादा! गोळी बाहेर काढ आणि मागून नळीत सळई घाल."

"अगं, साफ आहे म्हणून तूच तर—"

"ते सोमवारचं होतं. आत काही अडलं असेल तर नळी फुटेल. घाल."

रायफलीचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज येतो. काडतूस दगडावर पडून टणकतं. मग सळई पोलादावर घासत जाते, एकसारखी, आणि मध्येच थांबते. दादा जोर लावतो. त्याचा श्वास फोनमध्ये ऐकू येतो.

"किती आत गेली?"

सळई घासत परत बाहेर येते.

"अकरा इंच. पुढे जाईना. नीरू, टोकाला माती लागलीय."

नीरजाची उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. ती हळूहळू उघडते. तळहातावर वाळलेल्या मातीची खपली आहे, आणि खपलीवर एक बारीक कोळी उताणा पडलाय. त्याचा एक पाय हलतो.