दाऊदचाचांच्या तोंडचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकांतून मी मालकांची लाज काढतो, कामगारांनो तोंड उघडा म्हणून ओरडतो — आणि ही एक गोष्ट गिळून बसतो.

आखाती युद्धात मी दम्मामजवळच्या एका छावणीत होतो, लाँड्रीत कारकून. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाकडे, विमानं बंद, खिडक्यांना चिकटपट्ट्या. भोंगा झाला की साहेबलोक मास्क चढवायचे. आणि आम्ही? ओले टॉवेल. चीड येणार नाही तर काय?

लष्कराचे कपडे आमच्याकडे धुवायला येत. विषारी वायू तपासणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या तुकडीचा दुभाषा, पावेल, ते घेऊन यायचा. मायदेशी तो नट होता — वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका, दुसऱ्यांची वाक्यं. त्यालाच विटून त्याने हाती कॅमेरा धरला होता. आमच्यासारख्या अडकलेल्यांवर तो पहिला चित्रपट करत होता, चोरून. अट एकच — पाठ केलेलं नको.

मी काय केलं? इस्त्रीवाल्या दाऊदचाचांना वाक्य लिहून दिलं. चाचा गुहागरकडचे, मला ‘पुढारी’ म्हणायचे. त्यांना बोलायचं होतं घराच्या कौलांबद्दल — पावसाआधी ती कोण चाळणार? मी म्हटलं, ते सोडा, हे बोला : मालकाने गोऱ्यांना मास्क वाटले आणि आम्हाला मरायला ठेवलं. घोकून घेतलं.

“पुढारी, तुझी वाक्यं लांब रे,” चाचा हसले. “माझा श्वास नाय पुरत.”

मी स्वतः का नाही बोललो? माझा चेहरा दिसला असता — म्हणून.

चाचा बोलले. पावेलला भाषा कळत नव्हती, पण कान नटाचा. इंग्रजीत त्याने मला विचारलं, हे शब्द कुणाचे? मी म्हटलं, त्यांचेच.

मुकादमाने दाराआडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने चाचांना बोलावलं, मला दुभाषा म्हणून बसवलं. याला हे कुणी शिकवलं ते विचार, असं मला म्हणाला. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, मी काय सांगतो याची वाट बघत. आणि मी — मी तो प्रश्न त्यांना सांगितलाच नाही. मीच उत्तर दिलं :

“कुणी नाही. त्याचेच शब्द.”

“खलास,” मॅनेजर म्हणाला.

काम गेलं, पण देश सुटेना. युद्ध संपेपर्यंत चाचा बराकीच्या पायरीवर बसून असायचे — ना पगार, ना परतीचा शिक्का. त्यांनी माझं नाव कुणाकडेही घेतलं नाही. मी चहा नेला की प्यायचे. “काय पुढारी, लिहितोस ना?” एवढंच.

पुढे पावेल दिग्दर्शक झाला. त्याने कॅसेट पाठवली. तिच्यात चाचा आहेत, कौलांबद्दल बोलतायत. मी त्यांना उभं करून वाक्य म्हणायला लावलं त्याच्या आधीच कॅमेरा चालू होता. ते वाक्य पावेलने कापून टाकलंय.

ज्या वाक्यापायी चाचांची नोकरी गेली ते चित्रपटात नाहीच. ते माझं होतं.