ताटाकडे आलेला डावा हात

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही. प्रार्थनेतही — खरं सांगतो — प्रार्थनेतही मी या गोष्टीच्या आजूबाजूनंच फिरून येतो. देवाला सगळं ठाऊकच आहे, मग शब्दांत कशाला मांडा, असं म्हणून पुढच्या विनंतीकडे वळतो. तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट कळलेलं नाही.

मी मास्तर. सोलापुरात मिशनच्या शाळेत मराठी आणि अंकगणित शिकवतो, आणि आमच्या देवळातल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच आहे. पंचाचं काम म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरवायचं, मंडळीच्या बैठकीला बसायचं, आणि चांगलं दिसायचं. तिसरं काम मला फार छान जमतं.

ज्या गोष्टीपासून हे सुरू झालं तिला आपल्या रोजच्या बोलण्यात धड शब्द नाही. वैद्यांच्या जाहिरातींत आहे — हस्तमैथुन — ताकदीच्या गोळ्यांच्या खाली, बारीक टायपात. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. बायको छातीच्या दुखण्यानं दीड वर्ष माहेरी, वैरागला, अंथरुणावर होती. आणि मी — इथं — ते करत होतो. झालं, लिहिलं एकदाचं. पण मला कबूल करायचंय ते हे नव्हे. हे असतं तर किती सोपं होतं.

की हेच आहे? बघा, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

चोरी पाप, खोटं बोलणं पाप, परस्त्री पाप, हे मला पाठ होतं. पण हे? पाळकसाहेब उपदेशात ‘शरीराची मलिनता’ म्हणायचे आणि छताकडे बघायचे. सगळ्यांना कळायचं किंवा कुणालाच कळायचं नाही. पवित्र शास्त्रात, बायबलात, मी शोधलं. मेलेल्या भावाच्या बायकोला मूल द्यायचं टाळून ज्यानं आपलं बीज जमिनीवर सांडलं आणि देवानं ज्याला मारलं, त्याची गोष्ट सापडली. पण त्याचा गुन्हा कुठला? सांडलं हा, की भावाला फसवलं हा? एकदा वाचलं की एक वाटायचं, पुन्हा वाचलं की दुसरं. आणि नुसत्या वासनेनं बघितलं तरी मनात व्यभिचार झाला म्हणतात — मग मी तर माझ्याच आजारी बायकोला आठवत होतो, तो कुणाशी झाला? कुणाला विचारणार होतो मी? मला तर लोक विचारायला यायचे.

नरसय्या तसाच आला.

तो तेलुगू विणकर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बायको बाळंतपणात गेलेली, एकटा. घरातच हातमाग. त्याआधी दोनच वर्षं त्यानं बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्याच आठवड्यात त्याच्या भावांनी त्याचं जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं. तेव्हापासून त्याला घर म्हणजे मंडळी. त्याला मराठीतलं शास्त्र वाचायचं होतं म्हणून रविवारी दुपारी मी त्याला अक्षरं शिकवायचो. ‘ळ’ त्याला असा सुरेख यायचा की मला हेवा वाटायचा, आणि ‘च’ मात्र कधीच सरळ आला नाही. आम्ही हसायचो खूप. सोलापुरात मला मित्र म्हणावा असा तोच होता.

एका दुपारी पाटी पुसता पुसता तो थांबला. पाटीकडेच बघत म्हणाला, “मास्तर, एक इचारू? बाप्या माणूस एकटा असतो... सोताच सोताशी करतो. ते पाप हाय काय?”

याला कळलं की काय, हेच आधी वाटलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर दिसलं असतं की तो बिचारा स्वतःबद्दलच विचारतोय, आणि घाबरलाय. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायचं होतं. तेच खरं होतं. ‘मीही त्याच घोळात आहे रे’ म्हणालो असतो तर दोघं मिळून घोळात राहिलो असतो. त्याऐवजी मी मास्तर झालो. घसा साफ केला. म्हटलं, पाप आहे, मोठं पाप आहे. आणि येशूच्या डोंगरावरच्या उपदेशातली उजव्या हाताची जागा काढून दिली — हात जर पापात पाडत असेल तर तो तोडून टाकावा, असं जिथं सांगितलंय ती. त्यानं एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचली. मोठ्यानं. एकही चूक न करता.

मग त्यानं विचारलं, “तुमाला कदी...?”

“मला?” मी म्हणालो. “नाही.”

सांगायचं होतं ते हे. एक शब्द. पण थांबा — तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ताट माझ्याकडे. तिसऱ्या बाकाशी आलो, नरसय्या कडेला बसलेला. त्यानं उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि डावा पुढं केला.

तुम्हाला हे सांगायला नकोच. आम्ही ख्रिस्ती झालो, देव सोडले, जातही सोडली असं म्हणतो. पण डावा हात डावाच राहिला. त्या हातानं आपण काय करतो ते पोरासोरांनाही ठाऊक. साधी चटणीही कुणी त्या हातानं घेत नाही, आणि इथं तर ती भाकर म्हणजे प्रभूचं शरीर. शेजारच्या सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या बाकावर कुजबुज झाली. मला मात्र त्याच क्षणी कळलं. ज्या हाताचं मी त्याला वाचायला दिलं, तो हात त्यानं प्रभूला लावायचा नाही असं ठरवलं होतं. तोडून कसा टाकणार? माग चालवायला हात लागतो, धोट्याची दोरी त्याच हातानं ओढायची. म्हणून खिशात. किती भक्तीनं केलं होतं त्यानं ते. आख्ख्या देवळात त्या दिवशी त्याच्याइतकं मनापासून कुणी भाकर घेतली नसेल. मी ताट पुढं नेलं.

बुधवारी बैठक बसली. पाळकसाहेब आणि आम्ही पाच पंच. नरसय्याला उभं केलं. प्रभूच्या मेजाचा अपमान का केला, असं विचारलं. तो म्हणाला, “उजवा हात बरा न्हाय.” दाखव म्हणाले. त्यानं दाखवला. दोरीचे घट्टे होते, दुसरं काही नव्हतं. जखम नाही, सूज नाही. आता हा खोटंही बोलतो आणि थट्टाही करतो, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, हे नवे आलेले, कच्चे लोक.

नरसय्यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. सोडवा असं त्याच्या डोळ्यांत नव्हतं. मास्तर सांगतील, मास्तरांना माहीत आहे, अशी सरळ खात्री होती. आणि मी सांगू शकत होतो, एका वाक्यात. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचं वाक्य कुणीतरी मला विचारलं असतं. किंवा कुणीच विचारलं नसतं, नुसतं बघितलं असतं. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिलो. दौतीत माशी पडली होती. ती अजून मला स्पष्ट दिसते.

भर मंडळीत क्षमा मागेपर्यंत त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं, असं पाळकसाहेबांनी मांडलं. संमत असेल त्यांनी हात वर करावा म्हणाले. पाच हात वर झाले. माझा तिसरा.

त्यानं क्षमा मागितली नाही. मागितली असती तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. दोन-तीन महिने तो उपासनेला यायचा आणि मागं, दाराशी, चपलांजवळ बसायचा. ताट त्याच्यापर्यंत जायचं नाही. मग तो यायचा थांबला. भावांनी त्याला परत घेतलं नाही ते नाहीच. दोन्ही घरची दारं बंद झालेला माणूस कुठं जेवत असेल, असं कधी कधी माझ्या मनात येतं, आणि मी ते येऊ देत नाही.

पुढं एकदा, दुसरंच काही शोधताना, जुन्या नियमशास्त्रात मला एक जागा सापडली. पुरुषाचं बीज गेलं तर त्यानं अंघोळ करावी आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं. बस. अंघोळ, आणि संध्याकाळपर्यंत. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. एवढंच होतं का ते? मग नरसय्याची संध्याकाळ अजून का होत नाही? आणि एवढंच नसेल, ते खरोखरच मोठं पाप असेल, तर त्या दिवशी ताट धरलेला हात कुणाचा होता? दहा वर्षं झाली. मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायको बरी होऊन परत आली. तिनं एकदा सहज विचारलं, तुमचे ते विणकर मित्र येत नाहीत हल्ली? भांडलात का? मी म्हटलं, नाही, तो बदलला.

गेल्या महिन्यात मंगळवारच्या बाजारात तो दिसला. केस पांढरे झालेत. मी ठरवून त्याच्याकडे गेलो. आज सांगायचंच, असं म्हणून गेलो. त्यानं मला बघून हात जोडले नाहीत, डावा हात छातीशी नेला. उजवा खिशातच होता. मी तोंड उघडायच्या आत तो हसून म्हणाला, “तुमचं बरं हाय मास्तर. तुमचा हात साफ हाय.”

मी म्हणालो, “येतो.”

या रविवारी प्रभुभोजन आहे. ताट मीच फिरवणार आहे, उजव्या हातानं.