कोपऱ्यावर सोडलेलं पाणी

अहो, जरा जवळ सरका. लिहीत असले तरी मी बोलतेच आहे तुमच्याशी. आणि "ओमानात झाडं लावायची म्हणजे वाळूत पाणी ओतायचं, त्यात काय!" असं पुन्हा म्हणालात तर रागावेन हं. पाणी ओतल्यानेच तर आमची फजिती झाली.

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. सोहारच्या मागे डोंगरात सोन्याची एक छोटी खाण होती. ती बंद पडली आणि जमीन सुधारायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मी प्लँटेशन सुपरवायझर. कॉलेजात नाही, बाल्कनीतल्या कुंड्यांत शिकलेली. दगड दळून सोनं काढलं की चोथा उरतो, त्याला टेलिंग्ज म्हणतात. वाऱ्यावर त्याची विषारी धूळ उडते. म्हणून वर चांगली माती पसरायची आणि गाफ लावायचे. गाफ म्हणजे आपली शमीच हो.

रोपांनी जीव धरला, पाखरंही यायला लागली. एका कोपऱ्यात मात्र लावलं की वाळलंच. कंटाळून मी आमच्या फोरमनना, रत्नागिरीच्या दाऊदभाईंना म्हटलं, "त्या कोपऱ्यावर आता पाणी सोडा."

म्हणजे नाद सोडा! दाऊदभाई पडले आज्ञाधारक. व्हॉल्व्ह उघडला आणि जेवायला गेले.

आम्ही येऊन बघतो तर उतारावरून पिवळे-तांबडे ओघळ. चोथ्यातलं आम्ल धुऊन निघालेलं, आणि रोख थेट पायथ्याशी राहणाऱ्या हमूदच्या विहिरीकडे. त्याच्या बकऱ्या, लिंबाची बाग, घर, सगळं त्या एका विहिरीवर.

"दाऊदभाई, काय केलंत हे?"

"काकी, तुम्हीच बोललाव ना, पाणी सोडा?"

"अहो, मराठीत बोलले मी!"

"मग मी काय अरबीत ऐकलं?"

तेवढ्यात हमूद धावत आला. "मेरा कुआँ में नहीं जाएगा ना?"

"इन्शाल्ला," दाऊदभाई म्हणाले.

"इन्शाल्ला हम बोलेगा. तुम फावडा उठाओ!"

तिघांनी मिळून मातीचा बांध घातला. पाणी विहिरीच्या अलीकडे थांबलं.

मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, इन्स्पेक्शन जवळ आलंय. वर थोडी माती टाका, खलास."

"सर, आज व्हॉल्व्ह होता म्हणून बंद केला. उद्या पाऊस पडला तर काय बंद करू?"

साहेब म्हणाले, "खणून बघा."

खणलं. डंपर त्या कोपऱ्यात वळत नव्हता, म्हणून मातीचा थर नावापुरताच पडलेला. चिकणमाती दाबून बसवली, वर जाड थर दिला, पाणी वळवायला बाजूने चर काढला. हँडओव्हर लांबला, साहेब बरेच दिवस फुगून होते. पुढे मोठा पाऊस झाला, वादी, म्हणजे एरवी कोरडी पडलेली नदी, दुथडी वाहिली. विहिरीचं पाणी लॅबमध्ये तपासलं, स्वच्छ निघालं. आमच्या गाफचे शेंडे मात्र हमूदच्या बकऱ्यांनी खाल्ले.

वरचं हिरवं बघून भुलू नये, खाली काय पुरलंय ते बघावं. आणि साईटवर अलंकारिक मराठी बोलू नये.

आता लवकर या सोहारला. हमूदची लिंबं आहेत, सरबत करते. "बघू, जमलं तर" म्हणून या बेतावर मात्र पाणी सोडू नका. दाऊदभाईंसारखं तर नकोच नको.