कंबरेइतकं पाणी

पोस्टाच्या कोपऱ्यावरून दोघी परत फिरतील असं वहिनीला वाटलं होतं. रोज तिथूनच फिरायच्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण पोस्टापुढचं चालणं वहिनीच्या गुडघ्यांनी अजून मंजूर केलेलं नव्हतं. आज मात्र नणंद थांबलीच नाही. एरवी चालताना जिच्या तोंडाला कुलूप म्हणून लागायचं नाही, ती घरापासून पोस्टापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. वन्सं गप्प, म्हणजे प्रकरण साधं नाही.

"पुढे कुठं, वन्सं?"

"शाळेपर्यंत."

"आज सुट्टी आहे."

"म्हणूनच."

नणंद छत्तीस वर्षं त्या शाळेत भूगोल शिकवत होती आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होती. मुलं तिला पूरबाई म्हणायची, तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. इतिहासाच्या बाईंना राजे पाठ असायचे, हिला आपत्ती. कुठल्या वादळात शाळेचं छप्पर उडून पिठाच्या गिरणीच्या अंगणात जाऊन पडलं, कुठल्या दुष्काळात पोरं नदीच्या पात्रात चेंडू खेळायची, गारांनी कौलं फुटली तो वार कोणता, हे सगळं ती घरातच घडल्यासारखं सांगायची. आणि शेवटी तो पूर. पुराच्या धड्याला ती वर्ग घेऊन रस्त्यावर निघायची. पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीवर लाल ओळ काढलेली असायची. ओळीखाली एकेकाला उभं करायची. "तू बुडालास. तू पण बुडालीस. तू टाचा उंच कर. हं, तू वाचलास, आता बाकीच्यांना ओढ." पोरं खिदळायची, पण घरी जाऊन आईबापांना ओळ दाखवायची.

पोस्टाच्या भिंतीवरची ओळ नव्या फरशीखाली गेली होती. औषधाच्या दुकानावरची पाटीमागे. पाण्याच्या टाकीवरची ओळ टाकीसकट गेली. राहिली होती फक्त शाळेची.

"ती पण गेली," नणंद म्हणाली. जणू वहिनी काय विचार करत होती ते तिला ऐकू आलं होतं.

"कोणी पुसली?"

"पुसली नाही. सुट्टीत रंगरंगोटी झाली. रंगाऱ्याने नवी काढली. छान, सरळ, जाड. फक्त खाली काढली."

"किती खाली?"

"खिडकीच्या खाली. उंबऱ्यापासून कंबरेइतकी."

वहिनी थांबली. खरी ओळ खिडकीच्या गजांच्या वरच्या टोकाशी होती. तिला ती बघायची गरज नव्हती. त्या गजाला तिचा एक हात सहा तास धरून होता.

"रंगाऱ्याला कोणी सांगितलं?"

नणंद दोन पावलं पुढे गेली आणि मागे न बघता म्हणाली, "शिपायाला विचारलं त्याने. शिपायाने मुलांना विचारलं. मुलांनी धडा म्हणून दाखवला."

हा धडा वहिनीला मुलांइतकाच पाठ होता. लग्नकार्यात, बारशात, पाहुण्यांच्या चहात तिने तो ऐकला होता. पूर आला त्या वर्षी नणंद नोकरीला नुकती लागलेली, वहिनी नुकती लग्न होऊन आलेली. हजेरीपट वाचवायला नणंद शाळेत धावली, तिला परत आणायला वहिनी. दार पाण्याने दाबून धरलं आणि दोघी खालच्या वर्गात अडकल्या. इथपर्यंत खरं. पुढे धड्यात असं होतं की बाई जमिनीवर कंबरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या, आणि घाबरलेल्या वहिनीला त्यांनी टेबलावर चढवून होडी येईपर्यंत धरून ठेवलं.

खरं म्हणजे टेबलावर दोघी होत्या. कंबरेइतकं पाणी होतं ते टेबलावर उभं राहून. नणंद एका हाताने हजेरीपट छातीशी आणि दुसऱ्याने वहिनीचं मनगट धरून, डोळे मिटून, लहान पोरीसारखी रडत होती. वहिनीचा एक हात गजाला आणि एक तिच्या कमरेभोवती. तोंडात देवाचं नाव होतं. मधूनमधून दुसरंही काही होतं, पण ते देवाने मनावर घेतलं नसावं.

पहिल्यांदा धडा ऐकला तेव्हा वहिनी चहा गाळत होती. नव्या सुनेने सासरच्या माणसांत नणंदेला खोटं पाडायचं नसतं. तिने गाळणं झटकलं आणि म्हटलं, देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. देवाला ठाऊक होतंच. पण रंगारी देवाला विचारायला गेला नव्हता.

शाळेच्या फाटकाशी दोघी पोचल्या. ओळ रस्त्यावरूनही दिसत होती. नव्याकोऱ्या पिवळ्या भिंतीवर इतकी ऐटदार की पुरालाही तिच्यावर चढायचा संकोच वाटावा.

"मग असू दे," वहिनी म्हणाली. गुडघे चोळायला ती कट्ट्यावर टेकली. "एक ओळ ती. कोणाचं काय अडलंय?"

"त्या खोलीत बालवर्ग येतोय. या सोमवारपासून. पाच वर्षांची पोरं, चाळीस. आतापर्यंत वर होती. वर संगणक नेतायत."

"संगणक का वर?"

"पुराची भीती म्हणून."

वहिनीला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मुख्याध्यापकांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ओळ चुकली म्हटलं. तो माझाच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचा. म्हणाला, बाई, चूक कशी, तुम्हीच शिकवलंय. परीक्षेत प्रश्न होता, पाणी किती चढलं? मी लिहिलं, बाईंच्या कंबरेइतकं, बाई जमिनीवर उभ्या असताना. तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिलेत."

"दिले होते?"

"अक्षर चांगलं होतं."

"आणि जुनी ओळ? ती काय त्याने पाहिली नव्हती?"

"म्हणे जुना रंगारी शिडीवरून उतरायला आळशी असेल." नणंदेने पदराने तोंड पुसलं. "म्हणाला, कंबरेइतकं पाणी आलंच तर आपण पोरांना उचलून वर नेऊ. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, बाई, आता आराम करा. वय झालं की आठवणी वर-खाली होतात."

"तोंडावर सांगायचं की, धडा खोटा होता म्हणून."

"गेले होते सांगायला. दोनदा." नणंद तिच्या शेजारी बसली. कट्टा अरुंद होता, खांद्याला खांदा लागला. "वहिनी, तोंड उघडलं की माझी सवय आडवी येते. टेबलावरून सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला जमिनीवर उतरलेली असते. काल तर त्याच्यासमोर पाणीही ढकलत होते हाताने."

 छत्तीस वर्षांत वहिनीने ही बाई दोनदाच भ्यालेली पाहिली होती, आणि दोन्ही वेळा याच भिंतीच्या आसपास.

"हसतील सगळे तुम्हाला," ती म्हणाली. "निरोप समारंभ आहे तुमचा. शाल घालणार, भाषणं करणार. धाडसी बाई म्हणून कागदावर लिहून पण ठेवलं असेल कोणीतरी."

"लिहिलंय. मीच तपासून दिलं. शुद्धलेखन बरं आहे." नणंदेची नजर त्या ओळीवरून हलली नाही. "उद्या सकाळी बालवर्गाच्या पालकांची सभा आहे, त्याच खोलीत. टेबल तेच आहे, मी बघून आले."

"बरं, मग?"

"तू टेबलावर चढ. मी खुर्ची देते, आधार देते, गुडघ्यांचं मी बघते. वर उभी राहा आणि कंबरेवर हात ठेवून दाखव पाणी कुठवर होतं. मग सांग सगळं, जसं झालं तसं. कोण रडत होतं आणि कोणी कोणाला धरलं होतं, ते पण सांग."

"आणि तुम्ही?"

"मी पहिल्या बाकावर बसते." तिने वहिनीचा हात धरला, तिथेच, मनगटाच्या वर, जिथे तेव्हाही धरला होता. "फक्त एक कर, वहिनी. मला मध्ये बोलू देऊ नकोस."