रविवारचा क्लास

आमच्या पहिल्या दीड वर्षातल्या सगळ्या फिल्म संध्याकाळच्या आहेत. परवा मित्राने जुनं फोल्डर पाठवलं, त्यात सात छोट्या फिल्म, काही गाणी आणि चार गेम निघाले. खोलीतले बाकीचे ड्यूटीवर गेले होते, मी एका बैठकीत सगळं बघितलं. सातही फिल्ममध्ये ऊन तिरकं, सावल्या लांब आणि शेवटाकडे माणसांचे चेहरे काळे पडत गेलेले. एका फिल्मचा शेवट दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. अनोळखी माणसाने बघितलं तर म्हणेल, या पोरांना संध्याकाळचं काहीतरी खूळ होतं. तसं काही नव्हतं. त्याचं कारण मी होतो.

मी आता मस्कतला एका हॉटेलात काम करतो. मोठ्या हॉलमध्ये लग्नं, मीटिंगा असतात, तिथले माइक आणि स्पीकर माझ्याकडे. प्रत्येक माइक मी तीनदा तपासतो. बरोबरचा केरळचा माणूस म्हणतो, दोनदाने भागतं रे. माझं भागत नाही. लहानपणापासून मी असाच आहे, काहीतरी बिघडणार आणि ते माझ्यामुळे बिघडणार असं वाटत राहतं. तरी हे काम मला जमतं, आणि ते ज्या दोघांमुळे जमलं त्यांच्याशी मी दीड वर्ष खोटं बोललो होतो.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. वडिलांची कंपनी बंद पडली आणि माझं गणितही, दोन्ही एकाच वर्षी. आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगावात राहायचो. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागलो. शिवून आलेल्या पँटच्या प्रत्येक शिवणीला धाग्यांची शेपटं लोंबत असतात, ती छोट्या कात्रीने कापायची. सकाळी सात ते तीन. चाळीसेक बायका आणि मी. मावश्या मला सांभाळून घ्यायच्या, डब्यातलं द्यायच्या, मुंडी खाली घालून बसतो म्हणून 'नवरी' म्हणायच्या.

सतरा वर्षांचा असताना कळलं की अंबरनाथ पश्चिमेला एका वाचनालयाच्या वर मोबाइलवर व्हिडिओ एडिट करायला शिकवतायत, दोन महिने, फुकट. कामावरून सुटून मी गेलो. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना उभं राहून नाव आणि कॉलेज सांगायला लावलं. माझ्या आधी सहा-सात जण झाले. कॉमर्स, बारावी. डिप्लोमा, पहिलं वर्ष. माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, "सायन्स, अकरावी." सायन्स का म्हणालो ते आजही कळत नाही. खोटं बोलायचंच होतं तर आर्ट्स म्हणायचं, पुढचं पुष्कळ सोपं गेलं असतं.

त्या वर्गात ते दोघं भेटले. तो उल्हासनगरचा, सिंधी, वडिलांचं फर्निचरचं दुकान. त्याला दिग्दर्शक व्हायचं होतं आणि तो आधीच झाल्यासारखा वागायचा. ती अंबरनाथ पश्चिमेची, वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची स्वतः गेम बनवायला शिकलेली. बोलायची कमी, पण बोलली की लागायचं. वर्ग संपला, आम्ही तिघं संपलो नाही. माझ्याकडे आवाजाचं काम आलं, कारण कॅमेऱ्यासमोर मी थरथरायचो आणि कॅमेऱ्यामागे तो होता.

आमच्यात सायन्सवाला मी एकटाच, म्हणून मित्राने नाव ठेवलं 'प्रोफेसर'. कुठल्याही गोष्टीवर मला विचारायचा. वीज का चमकते, प्रोफेसर? मी म्हणायचो, सांगायला लागलो तर लाइट जाईल, शूट करून घे. नीळ लागून माझी बोटं कायम निळसर असायची. ती प्रॅक्टिकलची आहे असं मी सांगितलं होतं. कसलं प्रॅक्टिकल ते कुणी विचारलं नाही, नाहीतर मेलोच असतो.

आठवडाभर मी तीनपर्यंत 'कॉलेजात' असायचो. ते ठीक होतं, तेव्हा कामावर असायचोच. अडचण रविवारची. रविवारी कारखान्याला सुट्टी, त्या दोघांनाही सुट्टी. पण मित्राच्या मोठ्या भावाने सायन्स केलेलं, आणि मित्र एकदा सहज म्हणाला की सायन्सवाल्याला रविवारीही क्लास असतो, नसला तर तो पोरगा वाया गेलेला. मी घाबरलो. म्हटलं, हो, मलाही आहे, सकाळी सात ते दुपारी दोन.

झालं. शूटिंग रविवारी चारला ठरायला लागलं. आणि त्या नसलेल्या क्लासला मी खरंच जायला लागलो. म्हणजे घरात बसता येईना. मित्र आमच्या बाजूला आला तर? आईला सांगितलं, मित्रांबरोबर शूटिंग आहे. आई सहाला उठून पोहे करायची, डबा गच्च भरायची, म्हणायची, त्या दोघांनाही दे रे, मुलगी उपाशी येत असेल. तो डबा घेऊन मी रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचो आणि नदीच्या काठी जाऊन बसायचो. पाठीला दप्तर, दप्तरात रद्दीतून घेतलेलं अकरावीचं फिजिक्स. एक म्हातारेबाबा म्हशी धुवायला यायचे. पोहे आम्ही दोघं खायचो. बाबांना वाटायचं मला घरातून हाकललंय. दर रविवारी एकच सल्ला द्यायचे, बापाचे पाय धर आणि मोकळा हो.

सात तास काय करणार? मी मोबाइलवर आवाज घ्यायचो. म्हैस पाण्यातून उठताना होतो तो, पलीकडे कपडे आपटताना आधी दिसतं आणि मग ऐकू येतं तो, पुलावरून बैलगाडी गेली तर तो. घरी गेल्यावर गाळून, कापून ठेवायचो. तिच्या गेमला ते लागायचे. तिच्या एका गेममध्ये बाईने पाणी जायच्या आत तीन मजले हंडा चढवायचा असतो, कुळगावातल्या तिच्या मामीवरून सुचलेला. त्यातलं हिंदकळणारं पाणी माझं. तिने विचारलं कुठे मिळालं, तर म्हटलं क्लासला जाता-येता.

मित्राच्या फिल्मची वेगळी गंमत. फर्निचर दुकानातून आणायचा, पण वडिलांची अट एकच, प्लास्टिक काढायचं नाही. त्यामुळे आमच्या फिल्ममधला बेकार, उपाशी, घरातून निघालेला नायकही प्लास्टिक चढवलेल्या सोफ्यावर बसायचा आणि हलला की चुरचुर वाजायचं. ते बुजवायला मला गाणं टाकावं लागायचं. आमच्या निम्म्या गाण्यांचा जन्म त्या चुरचुरीतून झालाय.

एकदा तिला त्याच हंड्याच्या गेममध्ये जिन्यावर किड्यांची फौज चाल करून येतेय असा आवाज हवा होता. मी कारखान्यात मोबाइल गुपचूप पँटच्या ढिगावर ठेवला आणि चाळीस कात्र्या एकदम चालतात ते घेतलं. तिने ते दोनदा लावून ऐकलं. मग म्हणाली, मला तिथे घेऊन चल, नीट घेऊ. मी म्हटलं, कॉलेजात क्राफ्टची स्पर्धा होती, संपली. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना. हे दोघं गेले तर माझ्याकडे कात्रीशिवाय काही उरत नव्हतं. मावश्या चांगल्या होत्या, पण मी काही बनवतो हे ओळखणारी माणसं जगात दोनच होती.

मग एका कॉलेजची शॉर्टफिल्म स्पर्धा आली. नियम होता, टीममधले सगळे विद्यार्थी हवेत, ओळखपत्राचा फोटो जोडायचा. मित्राने मेसेज केला, आयकार्ड पाठव. मी म्हटलं शोधतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हरवलंय. मला वाटलं आता तो मला सोडून दोघांची नावं देईल आणि प्रकरण मिटेल. त्याने लिहिलं, "टेन्शन मत ले प्रोफेसर. सोमवारी आम्ही दोघं तुझ्या कॉलेजात येतो, ऑफिसात भांडून डुप्लिकेट काढू. तुझ्याच्याने भांडण होणार नाही."

रागावला असता तर मी आणखी खोटं बोललो असतो. हा माझ्यासाठी भांडायला येत होता.

सोमवारी मी खाडा केला आणि ज्या कॉलेजचं नाव सांगत आलो होतो त्याच्या गेटवर आठपासून उभा राहिलो. ते दोघं दहाला आले. मित्राने चक्क शर्ट इन केला होता, ऑफिसात भांडायचं म्हणून. मी त्यांना आत जाऊच दिलं नाही. तिथेच, पोरं आत-बाहेर करत होती त्यात, सांगितलं. आठवी. कारखाना. धागे. निळी बोटं. एका दमात सांगितलं आणि खाली बघत राहिलो.

मित्र हिशेब लावत होता. मग म्हणाला, "थांब. आणि रविवारचा क्लास?"

"नव्हता."

"मग रविवारी सकाळी तू कुठे असायचास?"

"नदीवर."

"कशाला?"

"चार वाजायची वाट बघत."

त्याने डोक्याला हात लावला. "अबे, दीड वर्ष मी लाइटच्या मागे पळतोय. माझा हीरो काळा, हिरोइन काळी, बाप विचारतो तुम्ही घुबडांवर पिक्चर काढता काय. आणि तू सकाळी नदीवर बसून?" शिक्षणाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याचं खरंच दुःख उन्हाचं होतं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही बरं दिसणार नाही म्हणून मी नुसता उभा.

ती हसली नाही. तिने एकच विचारलं, "त्या कात्र्या कारखान्यातल्या?"

मी हो म्हटलं.

"तुला काय वाटलं, आठवी म्हटलं असतंस तर मी तुझे आवाज घेतले नसते?" असं म्हणून ती स्टेशनकडे चालायला लागली. मित्राने हाक मारली तरी वळली नाही.

फिल्म दोघांच्या नावावर गेली, मीच हट्ट धरला. बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी मात्र सोफ्यावरच्या प्लास्टिकचं फार कौतुक केलं, मध्यमवर्गीय भीतीचं प्रतीक म्हणाले. मित्राने मान खाली घालून आभार मानले.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला तो शिरगावात हजर. माझ्या आईने पहिल्यांदा त्याला बघितलं, आणि म्हणाली, तुला पोहे आवडतात ना, दर आठवड्याला पाठवते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आवडतात काकी, पण मीठ जरा कमी घाला." कधी एक घास खाल्ला नव्हता त्याने. नव्या बिल्डिंगींच्या मागे अजून थोडी शेतं उरली होती, तिथे आम्ही शूट केलं. आम्हाला सकाळची सवयच नव्हती. दर दहा मिनिटांनी तो 'लाइट जातोय' म्हणून ओरडायला तोंड उघडायचा, आणि ऊन वाढलेलंच असायचं. ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मधे तिचा एक मेसेज आला. "त्या बायकांना सांगितलं होतंस का, आवाज घेतोय म्हणून?"

नव्हतं सांगितलं. त्यांच्याशीही मी गप्पच राहिलो होतो, फक्त खोटं बोलायची वेळ आली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइल मधोमध ठेवला आणि म्हटलं, मावशी, हे तुम्ही आहात. किड्यांची फौज आली तशा सगळ्या ऐकायला लागल्या. एकीने गेम मागून घेतला आणि सुट्टी संपेपर्यंत सोडला नाही. सगळ्यांत थोरल्या मावशी म्हणाल्या, "आम्ही किडे होय? बरं. पण किड्यांना नावं आहेत म्हणावं तुझ्या मैत्रिणीला." मी तिला तसंच्या तसं लिहून पाठवलं, खाली चाळीस नावं. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही शेतात तयारी करत होतो, तेव्हा ती बांधावरून चालत आली. पाठीला लॅपटॉपची बॅग. मित्र म्हणाला, या मॅडम, चहा घेणार? ती त्याला ओलांडून पुढे आली. माझ्याजवळ येऊन बांधावर बसली, लॅपटॉप उघडला, हंड्याचा गेम सुरू केला. शेवटी नावं वर सरकत गेली, आधी चाळीस मावश्या, मग आम्ही तिघं, कुणाच्याही पुढे शिक्षण नाही. मी काही बोलायच्या आत तिने हेडफोन माझ्या हातात दिला.

"दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा आवाज फाटतोय," ती म्हणाली. "ऐक, आणि काय करायचं सांग."